हाड कोणतं मिळालं? डायनोसॉरच्या शोधांच्या मागावर राहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

डायनोसॉरची बातमी आली की सगळ्यात आधी चित्र येतं. वासलेला जबडा, अंगावर खवले, मागे धुमसणारा ज्वालामुखी. मुलं खूश होतात, मोठी माणसं ते फॉरवर्ड करतात. त्या जनावराचं नेमकं हाती काय लागलं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. अख्खा सांगाडा की शेपटीचे दोन मणके? चित्रात याचं उत्तर कधीच नसतं. ज्यांना हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. भूशास्त्राची पदवी लागत नाही. चिकाटी लागते आणि थोडा संशयी स्वभाव लागतो.

गेली काही वर्षं जगभरात साधारण आठवड्याला एक या गतीने नव्या डायनोसॉरना नावं मिळत आहेत. ती पाठ करायच्या भानगडीत पडू नका. नावं नंतर आपोआप लक्षात राहतात.

पहिली पायरी: डायनोसॉर कोण आणि कोण नाही

हे एकदाच समजून घ्या आणि पुढे चला. उडणारे टेरोसॉर डायनोसॉर नव्हेत. समुद्रातले प्लेसिओसॉर आणि मोसासॉरही नव्हेत. खेळण्यांच्या पाकिटात हमखास मिळणारा, पाठीवर शीड असलेला डिमेट्रोडॉन तर पहिला डायनोसॉर जन्मण्याच्या सुमारे चार कोटी वर्षं आधीच संपला होता आणि नात्याने तो सस्तन प्राण्यांच्या बाजूचा. डायनोसॉरची मोठी खूण कमरेत असते. मांडीचं हाड जिथे बसतं ती खोबण आरपार भोक असलेली असते आणि पाय सरळ शरीराखाली येतात, मगरीसारखे बाजूला फाकत नाहीत. पक्षी मात्र याच कुळातले. तेव्हा 'सगळे डायनोसॉर मेले' हे वाक्य कुठे वाचलंत, तर लिहिणाऱ्याचा अभ्यास किती आहे याचा अंदाज घ्या.

2024 च्या एप्रिलमध्ये वासुकी इंडिकस हे नाव गाजलं तेव्हा बऱ्याच ठिकाणी 'डायनोसॉरच्या काळातला साप' असं छापून आलं. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतला हा साप 4.7 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे पक्षी सोडून बाकीचे डायनोसॉर संपून जवळजवळ दोन कोटी वर्षं झाली होती.

काळाचे तीन तुकडे लक्षात ठेवले की पुरे: ट्रायासिक (साधारण 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वी), ज्युरासिक (20 ते 14.5 कोटी) आणि क्रिटेशियस (14.5 ते 6.6 कोटी). बातमीत आकडा मिलियनमध्ये असला तर दहाने भागा, कोटी मिळतात.

दुसरी पायरी: आधी खडक, मग हाड

नवखे लोक इथेच घाई करतात. डायनोसॉर कुठे 'राहायचे' याला शोधात फारसं महत्त्व नाही, कारण ते जवळपास सगळीकडे राहत होते. त्यांची हाडं टिकली कुठे आणि ते थर आज उघडे कुठे पडलेत, हे महत्त्वाचं. हाड टिकायचं तर ते नदीच्या गाळात, तळ्याच्या चिखलात किंवा वाळूत पटकन गाडलं जायला हवं. म्हणून शोध घ्यायचा तो गाळाच्या खडकांत, आणि तेही योग्य वयाच्या.

आता हे आपल्या नकाशावर लावून बघा. पुणे, सातारा, नाशिक, सगळा सह्याद्री हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. उकळत्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत, त्यामुळे सिंहगडाच्या कड्यात डायनोसॉर शोधणं व्यर्थ. गोव्यात उलटी गोष्ट आहे. तिथले बहुतेक खडक डायनोसॉरपेक्षा कित्येक पटींनी जुने आहेत.

लाव्ह्याच्या दोन ओघांमध्ये मात्र कधीकधी मोठी विश्रांती असायची. तेवढ्या काळात तळी साचायची, गाळ बसायचा. या मधल्या थरांत जीव सापडतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरांतून छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेनने. याच ओवेनने 1842 मध्ये डायनोसॉर हा गट मांडून त्याला नाव दिलं होतं. वरळीला हाजी अलीच्या बाजूने जाताना हे आठवलं की मला ट्रॅफिकचा वैताग जरा कमी होतो.

महाराष्ट्राची खरी डायनोसॉरभूमी विदर्भ आहे. लाव्हा पसरण्याच्या थोडं आधी बसलेले गाळाचे थर तिथे बेसाल्टच्या खालून डोकावतात. त्यांना लमेटा थर म्हणतात. नाव आलं जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. हेच थर जबलपूर, धार, गुजरातचा महीसागर जिल्हा आणि आपला चंद्रपूर इथे तुकड्यातुकड्याने उघडे पडतात. भारतातल्या क्रिटेशियसच्या अखेरच्या डायनोसॉरांपैकी बहुतेक यांतूनच आले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव घ्या. तिथून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या (आयएसआय) लोकांनी एका लांबमान्या डायनोसॉरचा बराचसा सांगाडा काढला. 1997 मध्ये सोहन लाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याचं वर्णन केलं. 2003 मध्ये त्याला इसिसॉरस हे आजचं नाव मिळालं, त्या संस्थेच्याच आद्याक्षरांवरून. भारतातल्या टायटनोसॉर या लांबमान्या गटाच्या डायनोसॉरांचे बहुतेक अवशेष म्हणजे सुटी हाडं असतात. त्यामुळे एकाच प्राण्याची इतकी हाडं मिळणं ही मोठी गोष्ट होती.

त्याच जिल्ह्यातलं पिसदुरा विष्ठेसाठी प्रसिद्ध आहे. हसू नका. तिथल्या लाल चिकणमातीतून सुटून वर येणाऱ्या दगड झालेल्या लेंड्या शास्त्रज्ञांनी पातळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. त्यांत गवताच्या पेशींमध्ये तयार होणारे सिलिकाचे कण दिसले. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. तोवर गवत बरंच नंतर आलं असं मानत, आणि डायनोसॉर गवत खाताना दाखवणं ही चित्रकाराची चूक समजली जायची. 2011 मध्ये याच टोळीच्या पुढच्या कामात त्यातले काही कण भाताच्या कुळाशी नातं सांगणारे निघाले. मला विचाराल तर महाराष्ट्रातून निघालेला डायनोसॉरविषयीचा सगळ्यात भारी शोध हाच, आणि त्याचं पोस्टर कुठे दिसत नाही कारण लेंडीचं चित्र कोण लावणार!

घरबसल्या करण्यासारखं काम: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, म्हणजे जीएसआयचं, 'भूकोश' नावाचं संकेतस्थळ आहे. त्यावर भूशास्त्रीय नकाशे बघायला मिळतात. आपल्या तालुक्याखाली कोणता खडक आहे ते शोधा. बहुतेकांना बेसाल्ट दिसेल. निराश होऊ नका. पुढची बातमी आली की तिच्यातली जागाही याच नकाशावर बघा.

तिसरी पायरी: बातमीची झडती

बातमी वाचताना क्रमाने एवढं शोधा. कोणती हाडं मिळाली? कुठल्या थरातून? संशोधन कुठल्या नियतकालिकात आलं, की अजून फक्त पत्रकार परिषदच झाली आहे? लांबी-वजनाचा आकडा मोजलेला की अंदाजाचा? आणि हाडं आज कुठे ठेवली आहेत? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच असते.

उदाहरणच हवं तर ब्रुहत्कायोसॉरस घ्या. तमिळनाडूत कल्लमेडूच्या परिसरात मिळालेल्या हाडांवरून 1980 च्या दशकात याला नाव दिलं गेलं. पायाचं एक हाड दोन मीटर लांबीचं होतं असं नोंदवलेलं आहे. आधी त्याला मांसाहारी ठरवलं गेलं, नंतर लांबमान्या शाकाहारी. हे हाड आहे की दगड झालेलं झाडाचं खोड, अशीही शंका काहींनी काढली. मग हाडं टिकली नाहीत, ठिसूळ होऊन त्यांचा भुगा झाला. आज मागे आहेत ती रेखाटनं आणि काही जुने फोटो. 2023 मध्ये एका अभ्यासाने त्याचं वजन 110 ते 170 टनांच्या घरात असू शकतं असा अंदाज मांडला आणि झालं, 'जगातला सर्वांत मोठा डायनोसॉर भारतातला' असे मथळे धावले. अभ्यासकांनी स्वतः सावध शब्द वापरले होते. पण 110 आणि 170 यांच्यात साठ टनांचं अंतर आहे आणि हाड तपासायला कुणाला मिळणार नाही, हे मथळ्यात मावत नाही.

उलट बाजूचं उदाहरण थारोसॉरस. ऑगस्ट 2023 मध्ये आयआयटी रुडकी आणि जीएसआयच्या शास्त्रज्ञांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये तो प्रसिद्ध केला. जागा राजस्थानातलं जैसलमेर, वय 16.7 कोटी वर्षं. हाती आले ते मणक्यांचे तुकडे आणि बरगडी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या मणक्यांवरच्या खोलगट जागा आणि कड्यांची ठेवण बघून तो डायक्रिओसॉर नावाच्या लांबमान्या कुळातला, आणि त्या कुळातला आजवरचा सर्वांत जुना, असा निष्कर्ष काढता आला. थोडी हाडं म्हणजे कमकुवत शोध असं नसतं. योग्य हाड असेल तर थोडक्यातही काम होतं. त्याची नेमकी लांबी किंवा रंग मात्र एवढ्या तुकड्यांवरून सांगता येणार नाही.

वासुकीचंही तसंच. 27 मणके मिळाले, कवटी नाही. लांबीचा अंदाज साधारण 11 ते 15 मीटर, कारण मणक्यांवरून लांबी काढायच्या दोन पद्धती दोन उत्तरं देतात. बातमीने त्यातला मोठा आकडा उचलला. बातमी तेच करणार, तिची नोकरीच ती आहे. आपण लहान आकडाही वाचायचा.

राजासॉरस, नर्मदेच्या खोऱ्यातला शिंगवाला मांसाहारी, 2003 मध्ये जाहीर झाला तेव्हा सात ते नऊ मीटर लांब मानला गेला. 2016 मधल्या एका अभ्यासात तो साडेसहा मीटरच्या आसपास आला. प्राणी तोच, तुलनेला घेतलेले नातेवाईक बदलले.

चौथी पायरी: मूळ शोधनिबंध उघडा

घाबरायचं कारण नाही. 'प्लॉस वन', 'सायंटिफिक रिपोर्ट्स', 'पीअरजे' ही नियतकालिकं फुकट वाचता येतात आणि भारतातले बरेच शोध त्यांतच येतात. सुरुवातीचा सारांश वाचा आणि मग थेट आकृत्यांवर उडी मारा. तीन आकृत्या पुरतात.

पहिली, जागेचा नकाशा आणि थरांचा उभा छेद. हाड कुठल्या थरात होतं ते त्यावर खूण करून दाखवतात. दुसरी, सांगाड्याची छायाकृती. तीत मिळालेली हाडं वेगळ्या रंगात असतात आणि उरलेला सगळा प्राणी नुसत्या बाह्यरेषेत किंवा करड्या रंगात. ही आकृती हा अख्ख्या निबंधातला सर्वांत प्रामाणिक भाग असतो. कित्येकदा भल्यामोठ्या आकृतीत पाच-सहाच हाडं रंगवलेली दिसतात. तिसरी, नात्यांचं झाड. त्यात नवा प्राणी कोणाच्या फांदीशेजारी बसवलाय ते बघा. एकाच फाट्यावरून पुष्कळ फांद्या पंजासारख्या एकदम फुटलेल्या दिसल्या, तर तिथे लेखकांनाही नातं नीट उलगडलेलं नाही.

मजकुरात 'होलोटाइप' शब्द शोधा. ज्या एका नमुन्याशी नाव कायमचं जोडलं जातं तो हा. त्यापुढे नमुन्याचा क्रमांक आणि संस्थेचं नाव येतं. क्रमांक आहे म्हणजे हाड कुठल्यातरी कपाटात आहे, उद्या दुसरा कोणी जाऊन ते तपासू शकतो.

सरावासाठी एक निबंध सुचवतो: जानेवारी 2023 मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेला, धार जिल्ह्यातल्या अंड्यांचा. हर्षा धीमान, विशाल वर्मा, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी लमेटा थरांत 92 घरटी आणि 256 अंडी नोंदवली. अंडी साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची, एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत. आता त्यातला 'सहा प्रजाती' हा उल्लेख नीट वाचा. त्या अंड्यांच्या प्रजाती आहेत, कवचाची जाडी, पृष्ठभाग आणि रचना यांवरून पाडलेल्या. त्या सहा डायनोसॉर प्रजाती आहेतच असं लेखक छातीठोकपणे म्हणत नाहीत, म्हणूच शकत नाहीत, कारण अंड्यात ओळखता येईल असं पिल्लू नाही. बऱ्याच बातम्यांत हा फरक वाहून गेला. आणखी एक गोष्ट त्यात छान आहे. घरटी एकमेकांना इतकी चिकटून आहेत की इतक्या प्रचंड माद्यांना अंडी घातल्यावर तिथे वावरायला जागाच नव्हती. त्यावरून आई-बाप पिल्लांची फार काळजी घेत नसावेत असा तर्क केला आहे. 'तर्क' म्हटलंय, हे लक्षात असू द्या.

पाचवी पायरी: निकाल कायमचा समजू नका

काही शोध रानात होतात, काही कपाटात. गुजरातमधल्या ढोली डुंगरीची गोष्ट या विषयातली माझी सर्वांत आवडती. 1980 च्या दशकात जीएसआयचे धनंजय मोहबे यांना तिथे एक खडक मिळाला. त्यात डायनोसॉरची अंडी होती आणि शेजारी बारीक हाडं. ती हाडं नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची असं त्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि ते निम्मं बरोबर होतं. पुढे 2001 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे जेफ्री विल्सन तो खडक बघत होते. त्यातल्या काही मणक्यांचे सांधे त्यांना डायनोसॉरचे वाटेनात. सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा सांधे असतात, तसे ते होते. खडक तात्पुरता अमेरिकेत नेऊन, सुईसारख्या हत्यारांनी कण कण साफ केला गेला. आत निघाला साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला. शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू आणि दोन न फुटलेली अंडी. साप पिल्लावर टपलेला असतानाच वाळू-चिखलाचा लोट येऊन सगळ्यांना गाडून गेला असावा. 2010 मध्ये सनाजेह इंडिकस या नावाने तो प्रसिद्ध झाला. निबंधावर विल्सन यांच्या नावाशेजारी मोहबे यांचंही नाव आहे.

दगड तोच होता. बघणारे डोळे आणि साफ करणारे हात बदलले.

आणि आता चालू वाद. उत्तर अमेरिकेतल्या नॅनोटायरॅनसवरून पंडितांची चार दशकं भांडणं चालली होती: हा टी. रेक्सचा अल्पवयीन पोर की वेगळाच लहान चणीचा शिकारी? 2020 मध्ये हाडांचे पातळ छेद तपासून तो टी. रेक्सचं पिल्लूच, अशी बाजू भक्कम झाली होती. ऑक्टोबर 2025 मध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नापोली यांनी 'नेचर'मध्ये उलट निकाल दिला. नॉर्थ कॅरोलायनातल्या संग्रहालयात ट्रायसेराटॉप्ससोबत गाडला गेलेला एक सांगाडा आहे. त्याच्या हाडातली वाढीची वलयं मोजली तर तो वीसेक वर्षांचा, वाढ जवळजवळ पूर्ण झालेला निघाला. शेपटीच्या मणक्यांची संख्या टी. रेक्सशी जुळत नाही. हात तर त्याच्याहून मोठे, आणि हात वयाबरोबर आखूड होत नसतात. पाठोपाठ आणखी एका गटाने घशातल्या हाडावरून तोच निष्कर्ष काढला. जुनी पुस्तकं घरात असतील तर त्यांतलं 'किशोरवयीन टी. रेक्स'चं पान पेन्सिलने खूण करून ठेवा. पेनाने नको.

घसरण्याचंही एक उदाहरण द्यायलाच हवं, डायनोसॉरचं नसलं तरी. 2021 मध्ये भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया या 55 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याची मोठी बातमी झाली. 2023 मध्ये दुसऱ्या गटाने तिथे जाऊन बघितलं तर ते मधमाश्यांचं झडत आलेलं पोळं होतं, आणि खडकापासून ते सुटूही लागलं होतं. मूळ दावा करणाऱ्यांनी ते मान्य केलं. म्हणून माझा साधा नियम: कोणताही 'सर्वांत जुना', 'सर्वांत मोठा' शोध दोन वर्षं वहीत पेन्सिलीत राहतो.

सहावी पायरी: खरी हाडं बघायला जा

स्क्रीनवर हाडाचा आकार कळत नाही. महाराष्ट्रातून जाण्यासारखी ठिकाणं अशी:

गुजरातेत बालासिनोरजवळ रायोली. राजासॉरसची हाडं इथूनच निघाली. 2019 पासून तिथे संग्रहालय आहे आणि शेजारच्या माळावर खडकात बसलेली अंडी जागच्या जागी दिसतात. अंडं बघायचं कसं? गोलाकार कडा शोधा. कवचाची रेघ आतल्या आणि बाहेरच्या दगडापेक्षा वेगळ्या रंगाची, एक-दोन मिलिमीटर जाडीची दिसते. एकदा ती रेघ डोळ्यांत बसली की मग अंडी दिसतच जातात.

हैदराबादचं बिर्ला विज्ञान संग्रहालय. तिथे कोटासॉरसचा उभा सांगाडा आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या ज्युरासिक कोटा थरांतला हा प्राणी. कोटा हे गाव आपल्या गडचिरोलीत, सिरोंचाजवळ. सिरोंचा तालुक्यातच वडधमला जीवाश्म उद्यानही आहे. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांनी हैदराबादचा बेत आखताना वाट थोडी वाकडी करायला हरकत नाही.

कोलकात्याला कोणाचं जाणं झालंच तर भारतीय सांख्यिकी संस्थेत बारापासॉरस उभा आहे, रवींद्रनाथांच्या नावाचा डायनोसॉर. त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय. भेटीची परवानगी आधी विचारून घ्या, ते काही तिकीट काढून आत शिरायचं ठिकाण नव्हे.

कोलकात्याचंच आणखी एक. भारतातले पहिले डायनोसॉर अवशेष जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर 1828 मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना मिळाले. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच स्लीमन. तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दही जन्मला नव्हता. 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी जबलपूरच्या हाडांना टायटनोसॉरस इंडिकस नाव दिलं. मग ती हाडं हरवली. 2012 मध्ये त्यांतला शेपटीचा एक मणका जीएसआयच्या कोलकात्यातल्याच संग्रहात सापडला. नमुन्याचा क्रमांक का महत्त्वाचा, हे आता वेगळं सांगायला नको.

संग्रहालयात पाटी वाचताना एकच गोष्ट बघा: 'प्रतिकृती' लिहिलंय का? पुष्कळ उभे सांगाडे पूर्ण किंवा अंशतः साच्यातून काढलेले असतात. त्यात फसवणूक काही नाही, खरी हाडं जड आणि नाजूक असतात. पण माहीत असावं.

सातवी पायरी: स्वतःला काही सापडलं तर

सर्वांत जास्त येणारा प्रश्न म्हणजे 'शेतात गोल दगड सापडलाय, अंडं आहे का?' बेसाल्टच्या मुलखात उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं. बेसाल्ट झिजताना त्याचे गोल गोळे होतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. ते कवच नव्हे. ऑक्टोबर 2020 मध्ये तमिळनाडूतल्या पेरांबलूर जिल्ह्यात तळं खोदताना निघालेल्या गोळ्यांवरून 'डायनोसॉरची अंडी' म्हणून असाच गाजावाजा झाला होता. ते अमोनाइट या समुद्रातल्या शंखवाल्या जीवाशी संबंधित गाळाचे गोळे निघाले.

हाडाची ओळख थोडी वेगळी. तुटलेल्या कडेवर भिंग धरा. आत बारीक जाळीदार पोकळ्या दिसल्या आणि बाहेरचा थर घट्ट असला तर हाड असण्याची शक्यता आहे. नुसत्या दगडात तशी जाळी नसते. क्षेत्रात काम करणारे लोक चक्क जीभ लावून बघतात, सच्छिद्र हाड जिभेला किंचित चिकटतं. शेतातला दगड असेल तर हा प्रयोग फवारणीचा विचार करून करा, किंवा करूच नका.

संशय आला तर दगड उचलू नका. तो कुठल्या थरातून आला ही माहिती हाडाइतकीच मोलाची, आणि उचलल्या क्षणी ती जाते. त्याच्याशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून जवळून फोटो काढा, मग दहा पावलं मागे जाऊन आसपासच्या जमिनीचा काढा. फोनवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवा. पाऊस येणार असेल तर वरून प्लास्टिक झाका, पण ब्रश, छिन्नी, लिंबू किंवा ॲसिड काही लावू नका. लमेटाच्या खडकात चुना भरपूर असतो, आम्लाने आजूबाजूचा दगड आणि कवच दोन्ही विरघळतात.

शेतकऱ्याची परवानगी आणि त्याचं म्हणणं, दोन्ही घ्या. धारच्या बागजवळ पाडल्या गावात लोक असे गोल दगड शेताचे राखणदार म्हणून 'काकड भैरव' नावाने पुजत असल्याच्या बातम्या 2023 च्या अखेरीस आल्या होत्या. त्यांपैकी काही डायनोसॉरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. तिथे जाऊन 'हे तर अंडं आहे' म्हणत देव उचलायला निघणारा हौशी माणूस कोणालाच नको असतो.

विकत मात्र काही घेऊ नका. ऑनलाइन मिळणारी 'अस्सल अंडी' बहुधा बनावट असतात, आणि अस्सल असली तर ती कुठून कशी आली हे विकणारा सांगत नाही. ब्राझीलमधून जर्मनीत गेलेल्या उबिराजारा या पिसं असलेल्या डायनोसॉरवरचा निबंध याच वादातून मागे घेतला गेला आणि नमुना 2023 मध्ये ब्राझीलला परत द्यावा लागला. दुसऱ्या टोकाला 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एक स्टेगोसॉरस साडेचार कोटी डॉलरच्या आसपास विकला गेला. असले भाव ऐकून गावाकडे कोणी कुदळ घेऊन निघालंच, तर त्याला आधी भूकोशाचा नकाशा दाखवा.

फोटो आणि ठिकाण घेऊन जवळच्या विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या भूशास्त्र विभागात जा, नाहीतर जीएसआयला लिहा. मध्य भारताचं त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. पत्रात ठिकाण, तारीख, फोटो आणि जमिनीच्या मालकाची संमती आहे का, एवढं असलं की पुरे. 'डायनोसॉर सापडला' असं विषयात लिहू नका. 'जीवाश्म असण्याची शक्यता' लिहा, म्हणजे समोरचा माणूस पत्र शेवटपर्यंत वाचतो.